‘प्रभूजी, ह्याचे काय?’ : तुलना आणि पाचारण याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या गटात, संडे स्कूलच्या शिक्षकांच्या बैठकीत आणि हल्ली व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे काही प्रोटेस्टंट मंडळ्यांतले, काही वसईकडचे कॅथलिक, त्यामुळे कुठे ‘पाळकसाहेब’ येतील, कुठे ‘फादर’. ओळख पटू नये म्हणून प्रश्नांतले तपशील थोडे बदलले आहेत. दुखणं मात्र तेच ठेवलं आहे.

१. पाचारण म्हणजे नेमकं काय? ते पाळक, फादर, सिस्टर यांनाच असतं ना?

नाही. ‘तिला पाचारण झालंय’ म्हटलं की मुलगी कॉन्व्हेंटात चालली किंवा मुलगा सेमिनरीत, एवढाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. बायबलात मात्र या शब्दाला दोन थर आहेत. पहिलं पाचारण सगळ्यांना सारखं आहे, ख्रिस्तामागे येण्याचं. दुसरं ज्याचं त्याचं: कोणत्या गावात, कोणत्या कामात, कोणाच्या सोबतीने. पहिल्यात वरचा-खालचा नंबरच नाही, त्यामुळे तिथे तुलनेला जागा नाही. सगळा घोळ दुसऱ्यात होतो, कारण ते डोळ्यांना दिसतं.

मार्टिन ल्युथरने १५२२ साली लग्नाविषयी लिहिताना बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचं उदाहरण घेतलं होतं. शेजारीपाजारी त्याला बायल्या म्हणून हसतील, पण तो विश्वासाने ते करत असेल तर देव आणि त्याचे दूत त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतात, असं त्याचं म्हणणं. पाचशे वर्षं झाली. दुपटी धुणाऱ्या बापाला आपण अजूनही ‘बायकोला मदत करतो हो’ असंच म्हणतो.

२. तुलना करणं हे पाप आहे का?

नुसतं पाहणं पाप नाही. बाजारात दोन पाट्यांतले आंबे आपण ताडून पाहतोच. शेजारणीचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे हे कळणं म्हणजे कान शाबूत असणं. ते सलू लागलं की गोष्ट वेगळी.

मत्तयच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याने पहाटे आलेल्यांशी एक दिनार ठरवला आणि संध्याकाळी तेवढाच दिला. त्यांचं काहीही बुडालं नव्हतं. तरी ते कुरकुरले, कारण तासभर राबलेल्यालाही एक दिनार मिळालेला त्यांनी पाहिला. मला या गोष्टीत नेहमी एक खोच दिसते. धन्याने मजुरी शेवटच्यांपासून वाटायला सांगितली. पहिल्यांना आधी देऊन टाकलं असतं तर ते खुशीत घरी गेले असते आणि भांडणच झालं नसतं. पण त्याने त्यांना पाहू दिलं. मग विचारलं, मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपतं का?

सलतंय की नुसतं दिसतंय, हे ओळखायची माझी खूण साधी आहे. त्या व्यक्तीचं काही बिघडलं तर मला आतून किंचित बरं वाटेल का? ‘हो’ आलं, तर प्रार्थनेला बसायची वेळ झाली.

३. पेत्राने योहानाबद्दल फक्त विचारलं होतं. ‘तुला त्याचे काय?’ हे येशूचं उत्तर जरा कठोर नाही का?

योहान २१ पहिल्यापासून वाचा, म्हणजे कठोर वाटणार नाही. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, न्याहारी झाली आहे. ज्या पेत्राने तीनदा नाकारलं त्याला येशूने तीनदा विचारून पुन्हा जवळ घेतलं आहे. मेंढरं त्याच्या हाती सोपवली आहेत, आणि तू कसा मरशील हेही सूचित केलं आहे. एवढं सगळं एका माणसाच्या पदरात पडल्यावर तो काय करतो? मागे वळून पाहतो. योहान येताना दिसतो. ‘प्रभूजी, ह्याचे काय?’

मला यात हेव्यापेक्षा भीती जास्त ऐकू येते. माझ्या वाट्याला हे मरण, मग याला काय? आपल्या वाट्याचं जड वाटलं की आपण पटकन दुसऱ्याच्या ताटात डोकावतो. येशू उत्तर देतो ते योहानाबद्दल काहीही न सांगता. मी येईपर्यंत त्याने राहावं असं माझ्या मनात असलं तर तुला त्याचं काय? तू माझ्यामागे ये. वाक्याचा भर ‘तू’ वर आहे.

पुढचं २३ वं वचन आपण सहसा वाचत नाही. तो शिष्य मरणार नाही अशी बोलवा बंधुवर्गात पसरली, पण येशू तसं म्हणाला नव्हता, असं शुभवर्तमान लिहिणारा खुलासा करून सांगतो. मंडळीतल्या पहिल्यावहिल्या अफवांपैकी ही एक, आणि विषय काय, तर दुसऱ्याचं पाचारण! शेजाऱ्याच्या वाटेविषयी आपला अंदाज किती चुकतो, हे बायबलाने इथे नोंदवूनच ठेवलं आहे.

४. माझं पाचारण काय तेच मला माहीत नाही. मग भरवसा कशावर ठेवू?

बोलावणाऱ्यावर. कामाची यादी हातात आली की मग विश्वास ठेवीन, हा क्रम उलटा आहे. अब्राहाम निघाला तेव्हा कुठे जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं (इब्री ११:८).

तरीही शोधायला काही धागे असतात. लोक न मागता तुमचे आभार कशासाठी मानतात? कोणतं काम अर्धवट पडलेलं पाहिलं की तुम्हाला चैन पडत नाही? तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या, तोंडावर खरं बोलणाऱ्या दोन वडीलधाऱ्या माणसांना विचारा. मग तीन महिने एखादं छोटं काम घेऊन पाहा. ‘तुमचं कृपादान ओळखा’ छापाच्या प्रश्नावल्या भरायला हरकत नाही, पण मला त्यांच्यापेक्षा उपासनेनंतर सतरंज्या घड्या घालायला कोण थांबतं त्यावरून जास्त कळतं.

आणि दुसऱ्याचा पोशाख अंगावर चढवून पाहू नका. गल्याथाशी लढायला जाताना शौलाने दावीदाला आपलं चिलखत घातलं. राजाचं चिलखत, म्हणजे उत्तमच असणार. दावीदाला त्यात चालता येईना. त्याने ते उतरवलं आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलले. गोफणीचा हात त्याला मेंढरं राखताना बसला होता, तेव्हा त्याचं कोणाला कौतुकही नव्हतं.

५. मी बारा वर्षं चर्चमध्ये गाते. आता एक नवी मुलगी आली आहे, ती माझ्यापेक्षा खरंच छान गाते. मग माझी गरज काय उरली?

या प्रश्नावर बहुतेक जण १ करिंथ १२ पुढे करतात: शरीर एक, अवयव अनेक, पाय म्हणजे हात नव्हे. बरोबर आहे, पण तो उतारा वेगळ्या अवयवांविषयी आहे. तुमचं दुखणं एकाच कृपादानाचं आहे, आणि तेच जास्त झोंबतं. कवीला सुताराचा हेवा वाटत नाही, दुसऱ्या कवीचा वाटतो.

माझंही असंच झालं होतं. संडे स्कूलचे लहान मुलांचे वर्ग मी कित्येक वर्षं घेत होते. एक तरुण शिक्षिका आली, फडक्याच्या बाहुल्या करून गोष्टी सांगू लागली, आणि माझी मुलं (तेव्हा मी ‘माझी’च म्हणायचे) दार उघडताच तिच्याकडे पळू लागली. पहिल्या दोन महिन्यांत मी तिच्या गोष्टींतल्या चुका काढल्या. नोहाच्या तारवात सगळे प्राणी दोन-दोनच घेतले असं ती सांगते, शुद्ध पशू सात-सात घेतले हे सांगतच नाही, वगैरे. चुका खऱ्याच होत्या. मी त्या काढत होते ते मात्र नोहासाठी नव्हे.

मला सोडवलं ते मत्तय २५ ने. धनी एकाला पाच तालांत देतो, एकाला दोन, एकाला एक. हिशेबाच्या दिवशी पाचवाल्याला आणि दोनवाल्याला तो जे म्हणतो ते वाक्य ताडून पाहा. शब्दाला शब्द तेच आहे. दोनवाल्याला एका शब्दाचीही कमी शाबासकी नाही. राहिला एकवाला. एक तालांत म्हणजे मजुराची साधारण वीस वर्षांची कमाई, तेव्हा ‘मला एकच’ म्हणून रडण्यासारखं ते नव्हतं. गंमत म्हणजे तो बाकीच्या दोघांबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याची तक्रार धन्याबद्दल आहे: तू कठोर आहेस, म्हणून मी भ्यालो आणि पुरून ठेवलं. आपलीही तुलना खरवडत गेलं की तळाशी बहुतेक हेच सापडतं. त्या मुलीवर राग नसतोच मुळी, देणाऱ्यावर असतो.

कॅथलिक वाचकांना लिज्यूच्या संत तेरेजाची आठवण ओळखीची असेल. स्वर्गात सगळ्यांना सारखा गौरव का नाही, असं लहानपणी तिने विचारलं, तेव्हा थोरल्या बहिणीने वडिलांचा मोठा पेला आणि तेरेजाचं छोटं अंगुस्तान आणून दोन्ही पाण्याने काठोकाठ भरलं आणि विचारलं, यातलं जास्त भरलेलं कोणतं?

तुम्ही गात राहा. आणि त्या मुलीला जुनी गाणी शिकवा. तिला ती येत नसणार.

६. माझे यजमान सेवेत पुढे आहेत. मी ‘पाळकसाहेबांच्या बाई’. मला वेगळं पाचारण असू शकतं का?

मराठी ख्रिस्ती माणसाला याचं उत्तर बायबलाबाहेरही घरातच मिळतं. नारायण वामन टिळक कवी, वक्ते, हजरजबाबी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. सोवळंओवळं एका दिवसात सुटत नसतं. त्या पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या पायांनी आल्या. नवऱ्याच्या विश्वासाची नक्कल त्यांना करायची नव्हती, आणि नक्कल झाली असती तर ती टिकलीही नसती.

लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. टिळकांची भाषा अंगी यावी असा आटापिटा त्यांनी केला असता तर आज त्यांना कोणी वाचलं नसतं. त्यांनी आपल्या बोलीत, आपल्या विनोदाने लिहिलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं तेही त्यांनीच. एकाच घरात दोन पाचारणं होती, आणि एकाने दुसऱ्याला खाल्लं नाही.

तेव्हा हो, असू शकतं. त्याला साठी उलटावी लागेल असं मात्र नाही.

७. धाकटा भाऊ कॅनडात स्थायिक झाला. मी गावी आई-वडिलांजवळ. तरी घरात कौतुक त्याचंच. काय करू?

लूक १५ मधला थोरला भाऊ तुमच्याच जागी आहे, आणि बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो हे आपण विसरतो. तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे, असं तो म्हणतो. पण तुमची आई असं म्हणत नसेल, आणि दुखतं तिथेच.

यावर लेआ मला जास्त जवळची वाटते. नवरा याकोब, पण त्याचं मन दुसऱ्या बायकोवर, लेआच्याच धाकट्या बहिणीवर, राहेलीवर. लेआ एकेक मुलगा जन्माला घालते आणि नावं ठेवते ती नवऱ्याकडे पाहत: आता तरी तो माझ्यावर प्रीती करील, आता तरी तो मला धरून राहील. तीन मुलं अशी झाली. चौथ्या वेळी ती म्हणते, आता मी परमेश्वराचं स्तवन करीन, आणि त्याचं नाव यहूदा ठेवते (उत्पत्ती २९:३५). याकोब बदलल्याची नोंद नाही. पुढच्या अध्यायात ती पुन्हा चढाओढीत उतरते, तेव्हा कायमची सुटली असंही नाही. पण दावीद आणि ख्रिस्त आले ते त्या चौथ्याच्या वंशात.

व्यवहाराचं सांगायचं तर आईशी एकदा बोला, भाऊ सुट्टीवर आलेला नसताना. ‘आई, त्याचं कौतुक कर, मला आनंदच आहे. पण मी इथे आहे ते कुठे जमलं नाही म्हणून नव्हे, तर मी तसं ठरवलं म्हणून, एवढं तुझ्या तोंडून ऐकायचंय.’ आणि खरोखरच जमलं नाही म्हणून राहिला असाल, तर ते आधी स्वतःशी कबूल करा. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

८. मला ज्या सेवेत जायचं होतं तिथे नाकारलं, आणि माझ्याबरोबरच्याला घेतलं. म्हणजे देवानेच नाकारलं का?

वसईचा गोन्सालो गार्सिया आठवा. जन्म १५५७ च्या सुमाराचा. जपानमध्ये येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) हाताखाली त्याने बरीच वर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं, भाषा आत्मसात केली, आणि त्याच संघात प्रवेश मिळावा ही आस धरली. प्रवेश मिळाला नाही. तो व्यापारात पडला, आणि व्यापारही चांगला चालला. पुढे मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला, धर्मगुरू म्हणून नव्हे. १५९३ मध्ये हा संघ जपानला निघाला तेव्हा दुभाषी म्हणून तोच बरोबर होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर दिलं गेलं त्यांत तो होता. १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

नकार चांगला होता असं मी म्हणणार नाही. नाकारणारी माणसं चुकतात, आकसाने वागतात, जात बघतात, वशिला बघतात. पण माणसांनी बंद केलेलं दार आणि देवाचं पाचारण या दोन गोष्टी एक नाहीत. नकारात अन्याय असेल तर प्रश्न ११ पाहा.

आणि एक नाव. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना दोघे उभे होते, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. चिठ्ठी मत्थियाची निघाली. बर्सबाचं पुढे काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांत नाही. पण पेत्राच्या अटीप्रमाणे तो पहिल्यापासून येशूबरोबर होता, हे त्या चिठ्ठीने पुसलं गेलं नाही.

९. मी लहान गावात पाळक आहे. उपासनेला चाळीस माणसं. शहरातल्या चर्चचे यूट्यूबवर हजारो दर्शक. मन खचतं.

गोव्यात फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये आला आणि दहा वर्षांत गोवा, मासेमारी करणारा दक्षिण किनारा, मलाक्का, जपान असा फिरत चीनच्या दाराशी मरण पावला. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये आला आणि सुमारे चाळीस वर्षं बहुतेक गोव्यातल्याच सासष्टीच्या गावांत राहिला. झेवियरची मोजपट्टी लावली तर स्टीफन्स जागचा हललाच नाही. पण जागचा हलला नाही म्हणूनच त्याच्या कानात मराठीची ओवी मुरली, आणि १६१६ साली रायतूरला त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ते जगलं ते साध्या भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत. दोघांपैकी मोठा कोण, हा प्रश्नच मला पोरकट वाटतो.

तुमचे चाळीस जण तुम्हाला नावानिशी माहीत आहेत. कोणाच्या घरी दारू आहे, कोणाचं सोयाबीन गेलं, कोणाची मुलगी बाराव्या महिन्यात परत आली. हजारो दर्शकांच्या पाळकाला हे माहीत असणं शक्य नाही, आणि त्याचंही काम खोटं नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्पाला शोमरोनातल्या गर्दीतून उचलून एका ओसाड रस्त्यावर नेलं जातं, एका रथातल्या एका माणसासाठी.

१०. सोशल मीडिया बंद करू का?

उपासकाळापुरता बंद करून पाहा. त्यानंतरही सलत राहिलं तर दोष फोनचा नव्हता. फोन नसताना लेआ आणि राहेल होत्याच (प्रश्न ७).

११. आमचे चुलते बौद्ध. त्यांच्या मुलांना अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र मिळतं, आमच्या मुलांना ख्रिस्ती म्हणून मिळत नाही. याविषयी बोललं की लोक म्हणतात, ‘तुलना करू नका, आपलं पाचारण वेगळं.’ हे बरोबर आहे का?

नाही. हा प्रश्न वेगळ्या खात्यात जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. यावर कोणाचं मत काहीही असो, ही हेव्याची बाब नाही. हा हक्काचा आणि कायद्याचा प्रश्न आहे, आणि तो मांडण्यासाठी तुलना करावीच लागते.

बायबलात याचा दाखला आहे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. ही उघड तुलना होती: त्यांच्या विधवांना मिळतं, आमच्या विधवांना नाही. प्रेषितांनी ‘समाधानी राहा’ असा उपदेश केला नाही. त्यांनी सभा बोलावली आणि कामावर सात माणसं नेमली. त्या सातांची सगळी नावं ग्रीक आहेत, म्हणजे तक्रार ज्या बाजूची होती तिथल्या माणसांच्या हाती वाटप गेलं असं दिसतं. स्तेफन त्यांच्यातलाच.

दोन्हींतला फरक कळायला एक कसोटी आहे. माझ्या मागणीने चुलत्यांच्या मुलांचं काही काढून घेतलं जावं असं मला वाटतं का? नाही ना? मग तो मत्सर नव्हे. चुलत्यांशी नातं मात्र जपा. कायदा त्यांनी केलेला नाही.

१२. ‘ज्या स्थितीत पाचारण झालं त्या स्थितीत राहा’ असं पौल म्हणतो. मग नोकरी बदलणं, पगारवाढ मागणं, शिकायला जाणं चूक का?

१ करिंथ ७:२० वर थांबणारे लोक २१ व्या वचनापर्यंत जात नाहीत. दासालासुद्धा पौल सांगतो की मोकळं होता आलं तर ती संधी साध. सफाई कामगाराला, संस्थेतल्या कमी पगाराच्या नर्सला, घरात मार खाणाऱ्या बाईला ‘हेच तुझं पाचारण’ म्हणणं हा त्या शब्दाचा गैरवापर आहे. विशेषतः म्हणणारा खुर्चीवर बसलेला असेल तर.

बदल करण्याआधी स्वतःला एवढं विचारा: मी कशाकडे तरी निघालोय, की कोणाला तरी दाखवून द्यायला निघालोय?

१३. उलटं झालं तर? दुसऱ्यांचं वाईट पाहून मला स्वतःबद्दल बरं वाटतं.

तीच तुलना, फक्त शिडीच्या वरच्या पायरीवरून. लूक १८ मधला परूशी खोटं बोलत नव्हता. तो खरंच आठवड्यातून दोनदा उपास करत असणार. पण मंदिरात उभा राहून त्याचा एक डोळा जकातदारावर होता. प्रश्न २ मधली खूण इथेही चालते.

१४. मग संतांचा, मोठ्या माणसांचा आदर्श घेणंही तुलनाच झाली की!

आदर्श दिशा दाखवतो, तुलना माप काढते. पौल ‘माझे अनुकरण करा’ म्हणतो, पण मी जसा ख्रिस्ताचं करतो तसं, असं लगेच जोडतो.

पंडिता रमाबाईंचं पाहा. लोकांना केडगावचं मुक्ती मिशन दिसतं, आणि ‘आपल्याच्याने एवढं कुठे होणार’ म्हणून ते हात टेकतात. त्याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. मधेच, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम पुरं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. चर्चमध्ये वाचायला ते भाषांतर रुळलं नाही, आपल्या हातात बायबल सोसायटीचंच राहिलं. त्यांचा आदर्श घ्यायचाच असेल तर तो तिथला घ्यावा असं मला वाटतं, मुद्रितं तपासणाऱ्या म्हाताऱ्या रमाबाईंचा.

१५. हे सगळं कळतं. प्रार्थनाही करतो. तरी जळफळाट जात नाही.

स्तोत्र ७३ मोठ्याने वाचा. ते आसाफाचं आहे, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या पुढाऱ्याचं. त्याने आपला हेवा लपवला नाही, त्याचं गाणं केलं आणि सगळ्यांना म्हणायला दिलं. माझे पाय घसरणारच होते, मी आपलं मन उगाच शुद्ध ठेवलं, इथपर्यंत तो बोलतो. सतराव्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तिथून सूर बदलतो. दुष्टांची भरभराट त्या क्षणी थांबलेली नसते.

येशूसंघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नातियस, याचा एक नियम उपयोगी आहे: मन कोरडं, उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये. जळफळाटाच्या रात्री राजीनामा लिहू नका, ग्रुप सोडू नका.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ‘माझ्या असण्याला अर्थ नाही’ असं आठवड्यांमागून आठवडे वाटत असेल, तर त्याला नुसती तुलना समजू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

१६. मैत्रिणीला मी मागितलेलीच जबाबदारी मिळाली. अभिनंदन करायचंय, पण शब्द खोटे वाटतात.

मग शब्द राहू द्या. १ शमुवेलच्या १८ व्या अध्यायात दोन माणसं एकाच दावीदाकडे पाहतात. शौल बायकांचं गाणं ऐकतो (शौलाने हजारो, दावीदाने लाखो) आणि पुढे भाला फेकतो. योनाथान राजपुत्र, दावीदामुळे खरं तर त्याचंच सिंहासन जायचं होतं. तो आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दावीदाला देतो. त्या प्रसंगी त्याच्या तोंडी एकही वाक्य लिहिलेलं नाही.

तिच्या पहिल्या रविवारी लवकर जा. तिचं बाळ दीड वर्षाचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. उपासना संपेपर्यंत ते तुमच्याकडे ठेवून घ्या.